निदानाआधीची वर्षे

भास आणि भ्रम यांच्या गर्दीत माणसाचा वास्तवाशी असलेला धागा सुटतो, त्या अवस्थेला मानसोपचारात सायकोसिस म्हणतात. स्किझोफ्रेनिया हा त्यातला सर्वांत परिचित आजार. जगभरातल्या १९२ अभ्यासांमधील सात लाखांहून अधिक माणसांची माहिती एकत्र करून २०२२ मध्ये एक विश्लेषण प्रसिद्ध झाले. या जातकुळीतले आजार सर्वाधिक प्रमाणात साधारण साडेविसाव्या वर्षी सुरू होतात, असे त्यात दिसले. म्हणजे पदवीचे दुसरे-तिसरे वर्ष, पहिली नोकरी, घरापासून दूरचे पहिले वसतिगृह. पण हा आजार एखाद्या सकाळी अचानक उगवत नाही. त्याआधी कित्येक महिने, कधी काही वर्षेही, काहीतरी बिनसलेले असते. झोपेचे वेळापत्रक उलटेपालटे होते, वर्गात बसवत नाही, मित्रांचे फोन उचलवत नाहीत. बसथांब्यावरची माणसे आपल्याविषयीच बोलत आहेत असे वाटते आणि दुसऱ्याच क्षणी ‘छे, असे कसे असेल’ असेही वाटते. घरच्यांकडे कारणे तयार असतात : वय आहे, मोबाइलचे वेड आहे, कुठेतरी मन गुंतले असेल, कुणाची दृष्ट लागली असेल, आणि मुलगा-मुलगी पंचविशीकडे झुकली असेल तर लग्न लावून दिले की येईल ताळ्यावर. डॉक्टरांचा निकषही फार वेगळा नसतो. आजार पुरता उमटल्याशिवाय निदान नाही आणि निदान नाही तोवर उपचार नाही. या मधल्या काळाकडे आपण केवळ पुढच्या आजाराची चाहूल म्हणून पाहतो, आणि माझ्या मते गफलत तिथेच होते. ‘याला पुढे सायकोसिस होईल का’ या प्रश्नाचे उत्तर आज कुणाकडेच खात्रीने नाही. ‘याचे आजचे जगणे किती अडले आहे’ याचे उत्तर मात्र मिळू शकते, आणि मदतीचे दार त्या उत्तरावर उघडले पाहिजे.

पहिल्या प्रश्नाचा पाठलाग गेली तीस वर्षे चालू आहे आणि त्याचा इतिहास बोलका आहे. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहरात पॅट्रिक मॅकगोरी, ॲलिसन युंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये ‘पेस’ नावाचे क्लिनिक सुरू केले. सायकोसिस होण्याआधीच्या तरुणांसाठी असे स्वतंत्र क्लिनिक ही तेव्हा अपूर्व गोष्ट होती. कोणाला ‘अतिजोखमीचे’ म्हणायचे याचे त्यांनी तीन निकष ठरवले. सौम्य, अर्धवट स्वरूपाचे भास किंवा संशय असणे हा पहिला. पूर्ण स्वरूपाची पण काही दिवसांत आपोआप विरणारी लक्षणे हा दुसरा. रक्ताच्या नात्यात सायकोसिस असून शिवाय रोजची कामे करण्याची क्षमता घसरणे हा तिसरा. या चाळणीतून आलेल्यांपैकी जवळपास ४० टक्क्यांना वर्षभरात सायकोसिस झाल्याचे मेलबर्नच्या सुरुवातीच्या अभ्यासात आढळले. हा आकडा मोठा होता आणि त्याने जगभर उत्साह निर्माण केला. पुढे ठिकठिकाणी अशी क्लिनिके निघाली, तसतसा आकडा घसरत गेला. २०१२ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा वर्षभरात २२ टक्के आणि तीन वर्षांनंतर ३६ टक्के असे प्रमाण निघाले. त्यानंतरच्या मोठ्या विश्लेषणात तीन वर्षांचा आकडा २५ टक्क्यांच्या आसपास आला. चाळणी तीच होती, पण तिच्यात पडणारी माणसे बदलली होती. सुरुवातीला फार त्रासलेले, दहा ठिकाणी फिरून आलेले तरुण पोहोचत. नंतर जाहिरात झाली, शाळा-महाविद्यालयांतून थेट पाठवणी होऊ लागली आणि तुलनेने कमी जोखमीचे तरुणही येऊ लागले. म्हणजे ‘अतिजोखमीचा’ हा शिक्का बसलेल्या चार तरुणांपैकी तिघांना तीन वर्षांत सायकोसिस होत नाही. यावरून अनेकांनी सोयीचा निष्कर्ष काढला, की ते तिघे बरे होते आणि त्यांना उगाच घाबरवले गेले.

हा निष्कर्ष कागदावरच्या पुराव्याने टिकत नाही. लंडनमधले संशोधक पाओलो फुसार-पोली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सायकिॲट्री’त जोखमीच्या गटातील तीन हजारांवर तरुणांची माहिती एकत्र करून त्यांची तुलना निरोगी तरुणांशी आणि प्रत्यक्ष सायकोसिसच्या रुग्णांशी केली. शिकणे, काम करणे, माणसांत वावरणे या बाबतीत जोखमीचा गट निरोगी गटाच्या खूपच मागे होता; रुग्णांपेक्षा तो जरासाच बरा होता. आणि जीवनमानात, म्हणजे स्वतःचे जगणे त्यांना स्वतःला कसे वाटते या मोजमापात, त्यांच्यात आणि सायकोसिसच्या रुग्णांत फरकच सापडला नाही. ज्यांना अजून ‘काही झालेले नाही’ असे आपण म्हणतो, त्यांचे दिवस आजारी माणसाच्या दिवसांइतकेच जड जात होते. दुसऱ्या एका विश्लेषणात याच गटातल्या सुमारे ४१ टक्के तरुणांना नैराश्याचा आणि १५ टक्क्यांना चिंतेचा विकार आढळला. अंगात ताप भरलेल्या माणसाला ‘मलेरिया निघाला तरच औषध देऊ, नाहीतर घरी जा’ असे कोणी म्हणत नाही. मनाच्या बाबतीत मात्र आपण नेमके हेच म्हणतो. सायकोसिसकडे न गेलेले तिघे ही चाचणीची चूक म्हणून वहीत नोंदली जातात. त्यांचे बुडालेले वर्ष कोणत्याच रकान्यात येत नाही.

जीवनमान हा शब्द ऐकला की काहींना तो गुळमुळीत वाटतो. लक्षणे मोजता येतात, सुख कसे मोजणार, अशी शंका येते. पण या क्षेत्रात मोजमापाची साधने बरीच जुनी आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने नव्वदच्या दशकात जीवनमानाची प्रश्नावली तयार केली, तेव्हा जगातल्या निरनिराळ्या केंद्रांबरोबर दिल्ली आणि चेन्नई ही आपली केंद्रेही त्या कामात होती. तेव्हा ही मूठभर श्रीमंत देशांची आवड आहे, हा आक्षेप फारसा लागू नाही. तिच्या संक्षिप्त रूपात २६ प्रश्न आहेत आणि ते शरीर, मन, माणसांशी संबंध आणि भोवतालची परिस्थिती या चार बाजूंनी विचारतात. झोप नीट लागते का, रोजची कामे होतात का, मित्रांचा आधार वाटतो का, गरजेपुरते पैसे आहेत का, राहती जागा सुरक्षित आहे का. यातल्या एकाही प्रश्नासाठी कुणाला ‘वेडा’ ठरवावे लागत नाही. मला या साधनाची हीच खरी ताकद वाटते. भास किती वेळा झाले हे विचारल्यावर गप्प बसणारा विद्यार्थी, झोपेबद्दल आणि वर्गातल्या मित्रांबद्दल बोलू शकतो.

शिक्क्याची भीती मात्र खरी आहे आणि तिला वरवर उत्तर देऊन चालणार नाही. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये आजारांच्या वर्गीकरणाची पाचवी आवृत्ती काढली, तेव्हा या सौम्य लक्षणांच्या अवस्थेला स्वतंत्र आजाराचा दर्जा द्यावा असा प्रस्ताव होता. आधीच्या आवृत्तीचे नेतृत्व केलेल्या ॲलन फ्रान्सिस यांनीच त्याला कडाडून विरोध केला. निरोगी मुलांच्या हातात जड औषधे पडतील, असे त्यांचे म्हणणे होते. अखेर ती अवस्था मुख्य यादीत न घेता ‘अधिक अभ्यास हवा’ अशा परिशिष्टवजा भागात ठेवली गेली, आणि माझ्या मते तो निर्णय योग्य होता. भीती निराधार नव्हती. अमेरिका-कॅनडातल्या एका प्रयोगात जोखमीच्या ६० जणांपैकी काहींना ओलान्झापिन हे सायकोसिसवरचे औषध आणि बाकीच्यांना औषधाविना गोळी दिली गेली. वर्षभरात औषध घेणाऱ्यांचे वजन सरासरी जवळपास नऊ किलोंनी वाढले आणि सायकोसिस टळल्याचा ठाम पुरावा मात्र मिळाला नाही. वीस वर्षांच्या मुलीचे नऊ किलो वजन वाढवून तिचे जीवनमान सुधारले, असे म्हणायला कोण धजावेल? ब्रिटनच्या ‘नाइस’ या मार्गदर्शक संस्थेने २०१४ मध्ये स्पष्टच सांगितले, की केवळ जोखीम आहे म्हणून किंवा सायकोसिस टाळण्यासाठी म्हणून ही औषधे देऊ नयेत. संवादातून होणारे उपचार, आणि सोबत नैराश्य वा चिंता असेल तर त्यावरचे उपचार द्यावेत.

निरुपद्रवी उपायांनीही चमत्कार केलेला नाही, हेही मान्य केले पाहिजे. व्हिएन्नात ८१ तरुणांवर माशाच्या तेलातल्या ओमेगा-३ चा प्रयोग झाला. वर्षभरात ते घेणाऱ्यांपैकी सुमारे ५ टक्क्यांना आणि न घेणाऱ्यांपैकी सुमारे २८ टक्क्यांना सायकोसिस झाला. २०१० मध्ये हे आकडे आले तेव्हा मोठा गाजावाजा झाला. नंतर अनेक देशांत मिळून केलेल्या मोठ्या प्रयोगात तो फरक दिसलाच नाही. ब्रिटनमधल्या २८८ तरुणांवरच्या २०१२ च्या प्रयोगात विचारांवर काम करणाऱ्या मानसोपचाराने लक्षणांची तीव्रता कमी झाली, पण सायकोसिस होण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही आणि त्या लक्षणांमुळे होणारा मनस्तापही ठळकपणे घटला नाही. विरोधक याचा अर्थ ‘काहीच उपयोग नाही’ असा लावतात. मला त्यात वेगळा धडा दिसतो. लक्षण हटवले म्हणजे जगणे आपोआप रुळावर येते, हे गृहीतच लंगडे आहे. परीक्षा हुकलेली असते, मित्र पांगलेले असतात, वडिलांशी बोलणे बंद झालेले असते. संशय ओसरला तरी हे सगळे जागच्या जागी राहते. त्यावर वेगळे काम करावे लागते, आणि आजवरच्या बहुतेक प्रयोगांची मुख्य कसोटी ‘सायकोसिस टळला का’ हीच राहिली.

चाळणीची आणखी एक मर्यादा दक्षिण लंडनमध्ये उघडी पडली. तिथे जोखमीच्या तरुणांसाठीची सेवा नावाजलेली आणि जुनी. तरीही पहिल्यांदा सायकोसिस होऊन उपचाराला आलेल्या रुग्णांचा मागोवा घेतला, तेव्हा त्यांतले जेमतेम ४ टक्के त्या सेवेच्या दारातून आधी गेलेले निघाले. बाकीचे ९६ टक्के कुठे होते? कुठेतरी नैराश्यावर गोळ्या घेत असतील, कुठे गांजाच्या आहारी गेल्याबद्दल बोलणी खात असतील, कुठे नुसतेच खोलीचे दार लावून बसले असतील. म्हणजे जगात ज्या शहरात ही विद्या सर्वांत प्रगत आहे, तिथेही नेमका जोखमीचा तरुण हुडकून काढण्याची युक्ती फार थोड्यांपर्यंत पोहोचते. मग आपण तीच महागडी चाळणी जिल्ह्याजिल्ह्यांत बसवण्याचे स्वप्न पाहण्यात अर्थ नाही. दार रुंद हवे : झोप गेली, अभ्यास सुटला, माणसे नकोशी झाली, एवढे कारण आत येण्यास पुरेसे असावे. आत आल्यानंतर कोणाचा संशय वाढतो आहे, कोणाला आवाज ऐकू येऊ लागले आहेत, यावर नजर ठेवणारा जाणकार तिथे असला म्हणजे झाले. त्यामुळे पुढचा उशीरही टळतो. नॉर्वेत १९९७ पासून काही वर्षे रोगालँड भागात जनजागृतीची मोहीम आणि सहज संपर्क होणारी पथके होती. तिथे आजार सुरू झाल्यापासून उपचारापर्यंतचा काळ मध्यकाने ५ आठवड्यांवर आला, तर मोहीम नसलेल्या भागात तो १६ आठवडे होता. दहा वर्षांनी पाहिले तेव्हा लवकर शोध घेणाऱ्या भागात पूर्ण सावरलेल्यांचे प्रमाण दुसऱ्या भागाच्या दुप्पट होते. अमेरिकेतल्या ३४ केंद्रांवरील ४०४ रुग्णांच्या अभ्यासात तर मुख्य मोजमापच जीवनमान हे ठेवले होते. औषध, कुटुंबाशी काम आणि शिक्षण-नोकरीसाठी मदत एकत्र मिळालेल्यांचे जीवनमान अधिक सुधारले; आणि ज्यांना उशीर कमी झाला होता त्यांचे सर्वांत जास्त.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. ज्यांना आजार झालेला आहे त्यांनाच उपचार मिळत नाहीत, तिथे न झालेल्यांची चैन कशाला? निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या मानसिक आजारांमधली उपचारांची तूट ७० ते ९२ टक्के निघाली. (त्या सर्वेक्षणाच्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण आपली स्थिती फार निराळी असेल असे मानायला आधार नाही.) ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथली चार प्रादेशिक मनोरुग्णालये आणि जिल्हा रुग्णालयांतले मोजके मानसोपचारतज्ज्ञ, एवढ्यावर राज्याचा गाडा चालतो. त्या तज्ज्ञाच्या रांगेत आणखी हजारो कॉलेजकुमार उभे करावेत असे कोणीच म्हणत नाही. जीवनमानावर आधारलेल्या मदतीला बहुतांश वेळा मानसोपचारतज्ज्ञ लागतच नाही, हाच तर मुद्दा आहे. सातारा, गोवा आणि तमिळनाडू या तीन ठिकाणी स्किझोफ्रेनियाच्या २८२ रुग्णांवर झालेला एक प्रयोग २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्यात प्रशिक्षण दिलेले स्थानिक कार्यकर्ते घरी जाऊन रुग्णाशी आणि घरच्यांशी काम करत होते. नुसत्या दवाखान्यातल्या उपचारापेक्षा या जोडीने लक्षणे आणि अपंगत्व दोन्ही कमी झाले. फरक माफक होता आणि तो तिन्ही ठिकाणी सारखा नव्हता, हेही सांगायला हवे. पण झालेल्या, जुन्या आजारातही जे काम स्थानिक माणूस करू शकतो, ते त्याआधीच्या, कमी गुंतागुंतीच्या अवस्थेत त्याला जमणार नाही असे मानायचे कारण नाही. शिवाय ही ‘चैन’ दोन गटांत वाटून घ्यायची नाहीच. नैराश्य, परीक्षेचा ताण, व्यसन यांसाठी समुपदेशकाकडे आलेल्यांतच हे तरुण मिसळलेले आहेत. २०२२ पासून चालू असलेली टेलिमानस ही १४४१६ क्रमांकाची मोफत सेवा निदान विचारून फोन घेत नाही.

‘आपल्याकडे कुटुंब आहे, ते सांभाळते’ हा युक्तिवाद अर्धा खरा आहे. चेन्नईची ‘स्कार्फ’ ही संस्था आणि कॅनडातले माँट्रियल इथल्या पहिल्या सायकोसिसच्या रुग्णांची दोन वर्षांची तुलना २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. दोन्हीकडे उपचारांची पद्धत सारखी होती, तरी निरुत्साह, एकलकोंडेपणा यांसारख्या चिवट लक्षणांत चेन्नईचे रुग्ण अधिक सुधारले, आणि घरच्यांचा सहभागही तिथे अधिक होता. पण तेच कुटुंब लक्षणे लपवतेही. देवऋषाकडे जाते, स्थळे बघायला घेते, तालुक्याच्या गावात नको म्हणून शंभर किलोमीटर दूरच्या डॉक्टरला गाठते. याला नुसते अज्ञान म्हणणे अन्यायाचे आहे. हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाच्या कारणांमध्ये मानसिक विकार आहे आणि त्याच्या स्पष्टीकरणात स्किझोफ्रेनियाचे नाव घेऊन उल्लेख आहे; २०१९ मध्ये संसदेने त्या यादीतून कुष्ठरोग काढला, हे तसेच राहिले. ज्या समाजात निदानाचा कागद पुढे कोर्टात निघू शकतो, तिथे आईबापांनी कागदच नको म्हणणे हा त्यांच्या परीने हिशेबाचाच निर्णय असतो. म्हणून निदानाचा कागद न मागता मिळणारी मदत हीच या घरांपर्यंत पोहोचू शकते.

आणि ती मदत म्हणजे नेमके काय, याचे उत्तर रुग्णालयापेक्षा महाविद्यालयाच्या कचेरीत अधिक आहे. मेलबर्नमध्येच पहिला सायकोसिस झालेल्या ४१ तरुणांवर एक छोटा प्रयोग २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. २० जणांना नेहमीच्या उपचारांसोबत नोकरी शोधून देणारा माणूस दिला, २१ जणांना नुसते नेहमीचे उपचार. पहिल्या गटात १३ जणांना काम मिळाले, दुसऱ्यात दोघांना. आधी बरा हो, मग कामाला लाग, हा क्रम त्याने उलटवला. आपल्याकडे शिक्षणात मात्र तोच क्रम चालतो : तीन महिने वर्गात न आलेल्या मुलाला हजेरीचा नियम परीक्षेला बसू देत नाही आणि एकदा साखळी तुटली की वसतिगृहातली खोली आणि शिष्यवृत्ती दोन्ही जाते. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या हजारो मुलांचे तर नावच कोणत्या संस्थेच्या पटावर नाही. त्यांचे येणे थांबले तर खुर्ची दुसऱ्याला मिळते, इतकेच. नव्या शैक्षणिक धोरणाने शिक्षण मध्येच थांबवून पुन्हा सुरू करण्याची सोय दिली आहे आणि मिळवलेले श्रेयांक साठवणारी पेढी २०२१ पासून अस्तित्वात आहे. ही सोय मानसिक त्रासातल्या विद्यार्थ्याला वापरता यावी यासाठी नवा कायदा लागत नाही. ‘प्रकृतीच्या कारणाने’ एवढ्या शब्दांवर सत्र सोडता यावे, त्या काळात खोली आणि शिष्यवृत्ती राखून ठेवली जावी, आणि परतल्यावर कोणता आजार होता हे विचारले जाऊ नये, एवढे परिपत्रक विद्यापीठांना काढता येईल. सहा महिन्यांनी त्यांतले किती जण पुन्हा वर्गात बसले याची मोजणीही त्याच कचेरीला जमेल.